रीफ टँकची एएमसी: महिन्याच्या पैशात नक्की काय येतं?

रीफ टँक, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळखडकासारखा उभा केलेला खाऱ्या पाण्याचा टँक, एएमसीवर (वार्षिक देखभालीच्या करारावर) सांभाळायला घेतला की पहिल्या एकदोन महिन्यांत क्लायंटकडून एक प्रश्न हमखास येतो. "आठवड्यातून एकदा येता, काच पुसता, चार बादल्या पाणी बदलता. त्याचे एवढे पैसे?" विचारणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण त्याला दिसतं तेवढंच. गप्पी किंवा गोल्डफिश सांभाळलेल्या माणसाला तर हे जास्तच वाटतं. गोड्या पाण्याचा टँक आपल्या बऱ्याच चुका पोटात घालतो. रीफमधले जीव मात्र अशा ठिकाणून आलेत, जिथे पाण्याचा खारेपणा आणि त्यातले क्षार वर्षभर जवळपास तेच असतात. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये तीनशे लिटर पाणी असं स्थिर ठेवणं हा या धंद्याचा खरा माल आहे. काच पुसणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांसाठी आणि महिन्याचं बिल भरणाऱ्यांसाठीही, आत नक्की काय चालतं ते इथे मांडतो आहे.

आधी कायदा

यूट्यूबवर रीफ टँकचे जे झगझगीत व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिका-युरोपातले असतात. त्यात डुलणारे हॅमर आणि टॉर्च, फांद्याफांद्यांचे अ‍ॅक्रोपोरा, ताटासारखे पसरलेले मॉन्टिपोरा हे सगळे चुन्याचा टणक सांगाडा बांधणारे प्रवाळ. आपल्याकडे या पूर्ण गटाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. २००१ मध्ये ते यादीत आले, आणि कायद्याच्या लेखी तेव्हापासून ते वाघाच्या पंगतीला बसले. समुद्रपंखे, काळं प्रवाळ आणि समुद्रघोडे यांनाही हेच संरक्षण आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षांच्या कैदेची. हे किती गांभीर्याने घेतलं जातं ते मुंबईने पाहिलं आहे: कोस्टल रोडच्या वाटेत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आढळले, तेव्हा महापालिकेलाही ते रीतसर परवानगी काढूनच दुसरीकडे हलवावे लागले.

"हा इंडोनेशियाचा आहे" किंवा "टँकमध्येच वाढवलाय" असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. कागद मागा. कागद नसेल तर त्या वाक्याला किंमत नाही. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या, त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या, म्हणजे सायटीस यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंद परिवेश पोर्टलवर करण्याचे नियम २०२४ मध्ये आले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जुनी यादी त्यामुळे कामाची नाही. मूळ यादी स्वतः उघडून वाचायची सवय लावावी लागते.

कायद्यात राहून चालवायचा तर इथला रीफ टँक म्हणजे जिवाणूंनी भरलेले खडक, क्लाउनफिश-टँगसारखे मासे, आणि सांगाडा न बांधणारे जीव: झोअँथिड, मश्रूम, लेदर, अ‍ॅनिमोनी. दिसायला कमी नाही. झोअँथिडची एक चादर निळ्या एलईडीखाली पाहिलेल्या माणसाला मी कधी 'हेच का?' म्हणताना ऐकलेलं नाही.

माझं मत असं, की एएमसी घेणाऱ्याने जिवंत माल विकूच नये. कायद्याची भीती हे एक कारण, पण त्याहून मोठं दुसरं आहे. काही दुकानं टँक घेतला की सर्व्हिस फुकट देतात आणि पैसा माशांवर काढतात. मासा मेला की त्यांची विक्री होते. माणूस प्रामाणिक असला तरी व्यवहार असा उलटा बांधलेला असला, की कधी ना कधी काम ढिलं पडतं. नवा टँक सांभाळायला घेताना पहिल्याच दिवशी आतल्या प्रत्येक जिवाचे फोटो काढायचे, यादी करून क्लायंटची सही घ्यायची, आणि अनुसूचीतलं काही दिसलं तर काम नाकारायचं. एक काम गेल्याने धंदा बुडत नाही.

समोर समुद्र असताना पाणी विकत का?

हा दुसरा हमखास प्रश्न, आणि वरळी सी-फेसला राहणारा क्लायंट तर तो खिडकीकडे बोट दाखवून विचारतो. मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी आहे, गाळ आहे, आणि पावसाळ्यात नाले-खाड्यांचं गोडं पाणी मिसळून खारेपणा खाली येतो. आठवड्याआठवड्याला वेगळं निघणारं पाणी आपल्या उपयोगाचं नाही. म्हणून शुद्ध पाण्यात सॉल्ट मिक्स घालून समुद्र घरीच बनवायचा.

स्वयंपाकघरातलं मीठ मात्र चालत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला मोठा वाटा सोडियम आणि क्लोराइडचा, पण सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम, ०.४ ग्रॅम कॅल्शियम आणि इतरही बरंच काही असतं. सॉल्ट मिक्समध्ये ते सगळं त्या प्रमाणात असतं, आणि आपण पैसे त्या प्रमाणाचे मोजतो.

शुद्ध पाणी म्हणजे टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य. घरातला पिण्याचा आरओ इथे फसवतो, कारण चव यावी म्हणून त्यात क्षार परत मिसळायची सोय असते. आपल्याला आरओनंतर डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षारही शोषून घेणाऱ्या दाण्यांचा टप्पा लागतो. पालिकेच्या नळाचं, तलावांतून आलेलं पाणी मुळात बरंच मऊ असल्याने रेझिन टिकतं. टँकरवर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायटीत तेच रेझिन झपाट्याने संपतं. दोन क्लायंटना एकच दर लावला आणि एकाच्याच घरी खर्च वाढत गेला, तर आधी पाणी कुठून येतं ते विचारावं.

बाष्पीभवनाचा हिशोब बहुतेकांचा इथे चुकतो. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. ३०० लिटरच्या उघड्या टँकमधून रोज ३ लिटर पाणी उडतं असं धरा. कुटुंब मे महिन्यात दहा दिवस गावाला गेलं, भर घालणारं कोणी नाही. टँकमध्ये २७० लिटर उरलं, मीठ तेवढंच, आणि खारेपणा ३५ वरून जवळजवळ ३९ वर. मागे राहिलेला नातेवाईक "पाणी कमी झालंय" म्हणून कॅनमधलं खारं पाणी ओततो, तेव्हा उरलीसुरली कसरही भरून निघते. भर नेहमी साध्या शुद्ध पाण्याची घालायची. फ्लोट सेन्सरवर चालणारा ऑटो टॉप-अप बसवल्याशिवाय मी तरी टँक सांभाळायला घेणार नाही.

पाणी बदलून नेमकं काय होतं

माशाने खाल्लेल्या अन्नाचा शेवट अमोनियात होतो. खडकांवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्याआधी मासे सोडण्याची घाई हीच नव्या टँकमधल्या मरतुकीची सगळ्यात मोठी वजह. नायट्रेट तितकं विषारी नसतं, पण ते साचत जातं. तेच कमी करायला वॉटर चेंज.

समजा टँकमध्ये दर आठवड्याला ४ पीपीएम (लिटरमागे ४ मिलिग्रॅम) नायट्रेट तयार होतं आणि आपण दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो. क्लायंटला वाटतं, हळूहळू शून्यावर येईल. येत नाही. १० टक्के पाणी काढलं की १० टक्केच नायट्रेट जातं. ते ४० वर पोहोचलं की आठवड्याची भर आणि आठवड्याची गळती दोन्ही ४ होतात, आणि आकडा ३६ ते ४० च्या मध्ये कायमचा अडकतो. दर आठवड्याला २५ टक्के बदललं तर तो १२ ते १६ मध्ये थांबेल, पण पाणी आणि मीठ अडीचपट लागेल. आणि ४ ऐवजी २ पीपीएमच तयार झालं, तर तेच १० टक्के बदलून आकडा १८ ते २० वर येतो, एक थेंबही जास्त न बदलता.

ते ४ चं २ कोण करणार? जो रोज खाऊ घालतो तो. बहुतेक घरांत तो मालक नसतो. स्वयंपाकाच्या मावशी असतात, सहावीतली मुलगी असते, क्लिनिकमध्ये रिसेप्शनिस्ट असते. काचेजवळ येणारा मासा सगळ्यांनाच भुकेला वाटतो. पहिल्या भेटीत मालकापेक्षा या माणसाशी ओळख करून घ्यावी, आणि आठवड्याचा खाऊ सात छोट्या डब्यांत वार लिहून भरून द्यावा. मी म्हणेन, त्या सात डब्या अर्ध्या उपकरणांपेक्षा जास्त काम करतात. स्किमर फेसाबरोबर घाण बाहेर काढतो, पण घाण आधीच कमी पडली तर त्यालाही उसंत मिळते. उलट टोकही वाईट: नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणले, तर डायनोफ्लॅजेलेट नावाची तपकिरी, बुडबुड्यांची चिकट साय खडकांवर पसरते आणि तिला घालवता घालवता नाकी नऊ येतात.

आता अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानाने पाण्यातलं बायकार्बोनेट; ती डीकेएच या एककात मोजतात. चुन्याचा सांगाडा बांधणारा जीव पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही ठरलेल्या प्रमाणात घेतो. अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरली की कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने उतरतं. पण अल्कलिनिटीच्या आठातला एक गेला तर टेस्टमध्ये लगेच कळतं, कॅल्शियमच्या ४२० तले सात गेले तर टेस्ट किटच्या चुकीतच ते झाकून जातात. म्हणून दर भेटीत अल्कलिनिटी मोजायची, कॅल्शियम महिन्यातून एकदा पुरतं.

दगडी प्रवाळांनी भरलेल्या परदेशी टँकमध्ये अल्कलिनिटी दिवसाला अर्धा-एक डीकेएच खाली येते, म्हणून तिकडे डोसिंग पंप चोवीस तास चालू असतात. आपल्या टँकमध्ये हे काम मुख्यतः खडकांवर चढणारं गुलाबी-जांभळं चुनेरी शेवाळ आणि गोगलगायी करतात, त्यामुळे तेवढीच घट व्हायला आठवडाही लागतो. ३०० लिटरमध्ये अर्धा डीकेएच वाढवायला लागतो फक्त साडेचार ग्रॅम खाण्याचा सोडा. हो, तोच. तो शुद्ध पाण्यात विरघळवून हळूहळू घालायचा. कॅल्शियम क्लोराइड घालायचं असेल तर दुसऱ्या भांड्यातून आणि मधे वेळ सोडून, नाहीतर दोन्ही जागच्या जागी एकत्र येऊन पांढरा चुना होतो. महागड्या बाटल्यांवर कितीही नावं असोत, अनेकींच्या आत थोड्याफार फरकाने हेच असतं. क्लायंटला हे सांगावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न. मी सांगतो.

एप्रिल-मे

टँकचं पाणी २५-२६ अंशांवर हवं. मुंबईत मे महिन्यात बंद खोलीत ते सहज ३० च्या वर जातं, आणि पंप-दिव्यांची उष्णता वेगळी. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला प्रकाशातून अन्न बनवून देतं. उष्णता टिकून राहिली की हे नातं तुटतं, शेवाळ बाहेर पडतं आणि जीव पांढरा पडतो. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो, म्हणजे माशाला जास्त लागतो तेव्हाच कमी मिळतो.

नागपूरला पाण्यावर पंखा लावून दोनतीन अंश उतरवता येतात, कारण हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडतं. मुंबईच्या दमट हवेत तो उपाय अर्धाही चालत नाही. चिलर लागतो. चिलर पाण्यातली उष्णता काढून बाहेर टाकतो, त्यामुळे तो टँकखालच्या कपाटात कोंबला तर त्याच कपाटात भट्टी तयार होते. ड्राय बाल्कनीपर्यंत पाइप नेणं क्लायंटला नको असतं, फर्निचरवाल्याला तर अजिबातच नको असतं. हा वाद टँक बसायच्या आधीच मिटवायचा.

ऑफिस आणि क्लिनिकमधला त्रास वेगळ्या जातीचा. शनिवारी संध्याकाळी एसी बंद, सोमवारी सकाळी चालू. मधल्या दीड दिवसात पाणी चढतं, मग एकदम उतरतं. त्याहून वाईट म्हणजे रात्री वॉचमन इमानदारीने मेन स्विच पाडतो. टँकची लाइन वेगळ्या एमसीबीवर घ्यावी, त्यावर मराठी-हिंदीत ठळक पट्टी चिकटवावी, आणि किमान एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) बॅटरीवर चालेल असं करावं. वीज गेल्यावर दिवे तासन्‌तास बंद राहिले तरी बिघडत नाही. पाणी हललं नाही तर मात्र ऑक्सिजन संपतो आणि मासे सकाळपर्यंत तग धरत नाहीत.

मिठाचं पाणी, वीज आणि ओले हात एकत्र आहेत म्हणून अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसलेल्या टँकमध्ये हात घालायचा नाही. दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. काही झोअँथिड आणि त्यांच्याच कुळातल्या पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या पॅलिथोआपासून ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, आणि निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांत त्याची गणना होते. ते पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंपच बिघडवतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झोअँथिड कापू नयेत. ते चिकटलेला खडक कधीही उकळू नये किंवा त्यावर गरम पाणी ओतू नये, कारण वाफेतून विष श्वासात जातं आणि पूर्ण घर आजारी पडू शकतं. हाताखाली मुलगा ठेवलात तर त्याला पहिल्या दिवशी हे शिकवा, काच पुसणं नंतर.

जाळी, बादल्या आणि हात एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, त्यांच्याबरोबर रोगही. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी एकदा टँकमध्ये शिरला, की तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, त्याने झोअँथिड आणि गोगलगायी मरतात. सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टँकमध्ये उपचार करायचे आणि रीफ सुमारे अडीच महिने माशांविना ठेवायचा, एवढाच मार्ग उरतो. ते टाळायला प्रत्येक क्लायंटची जाळी आणि ब्रश त्याच्याच घरी ठेवावेत. खर्च किरकोळ आहे.

आता पैशाचं

दर लिटरवर ठरवणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. शंभर लिटरचा टँक तीनशेच्या टँकपेक्षा लवकर बिघडतो, आणि त्यासाठीही लिफ्टची वाट तेवढीच पाहावी लागते. इथे विकला जातो तो वेळ, आणि मुंबईत वेळ म्हणजे मुख्यतः प्रवास.

एका भेटीला दीड तास आणि मधला प्रवास तासभर धरला, तर एक माणूस दिवसाला तीन टँक नीट करू शकतो. पाच दिवसांत १५. सहावा दिवस अडीअडचणीसाठी मोकळा हवाच, कारण पंप शनिवारीच बंद पडतो. म्हणजे दर आठवड्याचे १५ क्लायंट ही एकट्या माणसाची कमाल मर्यादा. दर इथून उलटा मोजायचा. समजा मीठ-रेझिन वगळून घरखर्च, पेट्रोल, टेस्ट किट आणि बचत धरून महिन्याला ९०,००० रुपये लागतात. मग एका क्लायंटकडून ६,०००, भेटीला १,५०० पडले पाहिजेत. शेजारचा अडीच हजारात करतो म्हणून आपण तीन हजार लावले, तर १५ क्लायंट होऊनही निम्मेच पैसे हातात येतात, आणि सोळावा घ्यायला दिवस उरत नाही.

म्हणून हा धंदा दुधाच्या रतीबासारखा उभा करावा, एकेका इमारतीतून. पवईच्या एकाच संकुलात पाच टँक असतील तर ते एका दिवसात होतात. बोरिवली, चेंबूर आणि कुलाबा अशा तीन टँकांतही पूर्ण दिवस जातो. त्या संकुलातल्या दुसऱ्या क्लायंटला मी थोडी सूट देईन, पण दूरच्या एकट्या क्लायंटला नाही.

पाण्याचं वजन हिशोबात घ्यायला लोक विसरतात. ३०० लिटरचे १५ टक्के म्हणजे ४५ लिटर, म्हणजे ४५ किलोहून जास्त ओझं. सोसायटीची सर्व्हिस लिफ्ट दुपारी एक ते चार बंद असते, आणि मोठे जार आत न्यायला वॉचमन हरकत घेतो. शक्य तिथे आरओ-डीआय क्लायंटच्याच घरी बसवावा, पाणी आदल्या रात्री तिथेच ड्रममध्ये भरून ठेवायला सांगावं, आणि आपण फक्त मीठ न्यावं. आरओ एका लिटरमागे तीनचार लिटर वाया घालवतो. ते पाणी लादी पुसायला किंवा बाथरूमसाठी बादलीत धरायला लावलं तर घरातल्यांचा विरोध निम्मा होतो.

करार एका पानाचा पुरे, पण लेखी हवा. महिन्याला किती भेटी, मीठ आणि फिल्टरचं साहित्य वेगळं की धरून, तातडीच्या भेटीचा दर, आणि जिवाच्या मृत्यूची हमी नाही हे स्पष्ट. प्रत्येक भेटीचे आकडे तारखेसह क्लायंटला पाठवायचे: खारेपणा, तापमान, अल्कलिनिटी, नायट्रेट. "टँक का बिघडला?" हा वाद अशा वेळी पाच मिनिटांत मिटतो, कारण तिसऱ्या आठवड्यात नायट्रेट अचानक दुप्पट झालेलं दोघांनाही दिसतं आणि त्याच आठवड्यात पाहुणे आले होते हे घरातल्यांनाच आठवतं. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी आलीच.

एक कलम बहुतेक करारांत नसतं: टँक बंद करायचा झाला तर? क्लायंट बंगळुरूला बदलून जातो, घराचं रिनोव्हेशन निघतं, मुलं मोठी होऊन परदेशी जातात. मासे समुद्रात सोडून देणं हा त्यावर घरोघरी सुचणारा, भूतदयेचा वाटणारा उपाय. अमेरिकेत हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश टँकमधून अटलांटिकमध्ये पोहोचला असं मानलं जातं. १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ तो पहिल्यांदा दिसला, आणि आज तिथल्या रीफवरचे लहान मासे तो फस्त करतो आहे. टँकमध्ये वाढलेला जीव रोग आणि परजीवीही घेऊन जातो. म्हणून करारातच लिहावं, की बंद करायची सूचना एक महिना आधी द्यायची, जीव दुसऱ्या पाळणाऱ्याकडे आपण पोहोचवायचे, आणि त्या कामाचे पैसे वेगळे. ते आगाऊ घ्यावेत, कारण एकदा टँक रिकामा झाला की क्लायंट फोन उचलत नाही.